आईचा अंगठा आणि २९,५०० रुपये

११ मे २०२४, शनिवार. अक्षय्य तृतीयेला जोडून रजा काढून मी चिपळूणहून गावी आले होते. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलंच, खाडीकाठचं, एसटीने अडीच तास. दुपारी आईचा फोन चार्जिंगला लावताना दिसलं, वर पाकिटाचं चिन्ह लुकलुकतंय. साधा बटणांचा फोन, इनबॉक्स भरलेला. जागा करावी म्हणून जाहिरातींचे मेसेज पुसायला घेतले. पाच-सहा पुसले तशी तुंबलेले मेसेज एकामागोमाग आत पडायला लागले, आणि त्यात बँकेचे तीन होते. ८ मे, खात्यातून १०,००० वजा. ९ मे, १०,०००. १० मे, ९,५००. शिल्लक १,३१२.

आईला विचारलं, "बँकेत कधी गेली होतीस?"

"बँकेत कशाला जाऊ? मंगळवारी मतदानाला गेलंय नि गुरवारी रेशनला. काय झाला गो?"

ते पैसे बाबांच्या पश्चात मिळणाऱ्या पेन्शनचे आणि यंदाच्या काजूच्या बियांचे होते. आई अडुसष्ट वर्षांची आहे. तिच्याकडे एटीएम कार्ड नाही, यूपीआय नाही, स्मार्टफोन नाही. कोणाला ओटीपी सांगण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ओटीपी आलाच नव्हता. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. "मी काही लिंक उघडत नाही, मला काय होणार" असं मानणारी माणसं आपल्या घराघरात आहेत.

मेसेजात एईपीएस अशी अक्षरं होती. आधारवरून पैसे काढायची ही सोय आहे. गावातला बँक मित्र छोटं मशीन घेऊन बसतो, तुम्ही आधार क्रमांक सांगायचा, बँकेचं नाव सांगायचं, बोट ठेवायचं, पैसे हातात. कार्ड नको, पिन नको, ओटीपी नको. एका वेळी जास्तीत जास्त १०,००० रुपये निघतात. बँकेची शाखा चौदा किलोमीटरवर असलेल्या आमच्यासारख्या गावात म्हाताऱ्या माणसांना ही सोय फार उपयोगी आहे. आई स्वतः ती वापरायची. पण त्या तीन दिवसांत तिने कुठेही बोट ठेवलं नव्हतं, रेशन दुकान सोडून.

मी समजावून सांगितलं तेव्हा ती आपल्या हाताकडे बघत बसली आणि म्हणाली, "माझा अंगठा तर माझ्याजवळ हाय. मग लागला कोणाचा?"

आमच्या वाडीत फोनला धड रेंज नाही, मेसेज कसेबसे येतात, बोलायला सड्यावर जावं लागतं. भर उन्हात पासबुक आणि वही घेऊन कातळावर गेले आणि १९३० लावला. सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. तिसऱ्या प्रयत्नात लागला, अकरा मिनिटं थांबावं लागलं, पलीकडे मराठी बोलणारी मुलगी होती. तिने विचारलं ते असं: खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, बँक, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि मेसेजातला बारा अंकी संदर्भ क्रमांक. हे समोर लिहून ठेवूनच फोन लावा, तिथे शोधाशोध करायला वेळ नसतो. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की पैसे रोख निघालेत, त्यामुळे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता कमी आहे. ऑनलाइन एका खात्यातून दुसऱ्यात गेले असते तर लवकर फोन केल्याचा जास्त फायदा झाला असता. तरी तक्रार क्रमांक आलाच पाहिजे, पुढे सगळीकडे तो लागतो. माझ्या मोबाइलवर तो आला.

दुसरा फोन बँकेच्या टोल फ्री नंबरवर. हा नंबर पासबुकावरचाच घ्यायचा. इंटरनेटवर शोधलं की बँकेच्या नावाने चोरांचेच नंबर पुढे येतात. तिथे खात्यातून पैसे काढणं बंद करून घेतलं आणि फोनची वेळ आणि तक्रार क्रमांक वहीत टिपला. शाखेत जाता येणार नव्हतं, दुसरा शनिवार होता.

रविवारी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार पूर्ण केली. पासबुकाचा फोटो चढवताना फाइल मोठी म्हणून चार वेळा नाकारली गेली. बाकी काही कठीण नाही.

सोमवार, १३ मे

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं एक परिपत्रक तेव्हा लागू होतं. रविवारी रात्री ओटीवर बसून मी ते दोनदा वाचलं. चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडेच कुठेतरी गडबड झालीय, आणि ग्राहकाने बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याचं नुकसान शून्य धरायचं. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर जबाबदारी मर्यादित, त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. मेसेजचा दिवस मोजायचा नाही, सुट्ट्या मोजायच्या नाहीत. पहिला व्यवहार ८ तारखेचा, म्हणजे गुरुवार, शुक्रवार आणि हा सोमवार. मेसेज त्याच दिवशी मिळाला असं धरलं तरी आम्ही मुदतीत होतो, पण अगदी शेवटच्या दिवशी.

सकाळी पहिल्या गाडीने आईला घेऊन शाखेत गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, "अंगठा बरोबर लागलाय. काकींनीच काढले असतील, विसरल्या असतील. नाहीतर घरातल्या कोणी."

आई काही बोलली नाही. तिचा चेहरा मला अजून दिसतो. चाळीस वर्षं संसाराचा पैसा-पैशाचा हिशेब ठेवलेली बाई, आणि तिला चार लोकांत विसराळू म्हटलं, वर घरातल्यांवर संशय घेतला. मीही तेव्हा आवाज चढवला नाही. लेखी अर्ज दोन प्रतींत नेला होता, तो पुढे केला आणि एका प्रतीवर तारखेसह शिक्का आणि सही मागितली. पोच मिळाल्याशिवाय जागचं हलू नका, तोंडी तक्रारीला काही किंमत नाही. दुसरा अर्ज खात्याची एईपीएस सुविधा बंद करण्यासाठी. त्याचा छापील नमुना शाखेत नव्हता, कोऱ्या कागदावर लिहून दिला, चालला. शिक्क्यासह खातेउतारा घेतला आणि तिथून थेट पोलीस ठाण्यात.

तिथे साडेतीन तास गेले. पण ज्या हवालदारांनी आमचा अर्ज घेतला, त्यांनी आईला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि एक प्रश्न विचारला. तो आमच्या डोक्यातच आला नव्हता. "काकी, वर्षभरात अंगठा कुठे कुठे दिलात?"

आई बोटांवर मोजायला लागली. रेशन, दर महिन्याला. बँक मित्राकडे, दोन-तीनदा. नवीन सिमकार्ड घेताना. गॅसवाल्याने केवायसीला बोलावलं तेव्हा. शेतकऱ्यांच्या पैशांसाठी ई-केवायसी. आणि डिसेंबरात खरेदीखताला.

खरेदीखतापाशी आम्ही दोघी थांबलो. सड्यावरची सामायिक जमीन विकली होती. सातबारावर अकरा नावं, मुंबईहून सगळे आलेले. निबंधक कार्यालयात प्रत्येकाचा फोटो आणि अंगठा, दस्ताला जोडलेली प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स. आणि त्याच्या आधी आठवडाभर ती आधार कार्डं कुठे कुठे फिरली होती? आईच्या कार्डाचा फोटो मीच काढून मध्यस्थाला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. त्याने झेरॉक्सवाल्याला पाठवला. झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर तो आजही असेल. बारा आकडे आणि अंगठ्याचा ठसा एकाच कागदाच्या गठ्ठ्यात, आणि त्या गठ्ठ्याची नक्कल किती हातांतून गेली याचा हिशेब कोणाकडेच नाही.

हवालदार म्हणाले, तेलंगणात, हरियाणात अशी टोळकी पकडली गेलीत. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे घ्यायचे, त्यावरून रबराचे किंवा सिलिकॉनचे अंगठे तयार करायचे. आमचा ठसा तिथूनच गेला असं मी म्हणत नाही, ते सिद्ध झालेलं नाही. पण ती यादी करताना मला पहिल्यांदा कळलं की आपण नाही म्हणायला कधी शिकलोच नाही. कोणी मशीन पुढे केलं की बोट ठेवायचं, कोणी आधार मागितलं की फोटो पाठवायचा.

हा गुन्हा माहिती तंत्रज्ञान कायद्यातला असल्याने तपास निरीक्षक दर्जाचे अधिकारी करतात, त्यामुळे लगेच एफआयआर झाला नाही. अर्जाची पोच घेऊन आम्ही संध्याकाळच्या गाडीने परतलो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, नाहीतर या फेऱ्यांचा खर्च दुप्पट झाला असता.

काजूचा चीक

आता खरं काम होतं कुलूप लावण्याचं. आधारचे बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे बंद करून ठेवता येतात. बायोमेट्रिक लॉक म्हणतात त्याला. आधारच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर दोन मिनिटांचं आणि फुकटचं काम आहे. पण त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला लागतो, आणि आईच्या आधारला बाबांचा जुना बंद पडलेला नंबर होता. म्हणून १४ तारखेला पुन्हा तालुक्याला, आधार केंद्रात. टोकन एकोणिसावं, फी तेव्हा ५० रुपये. नंबर बदलायला आधी ओळख पटवावी लागते, म्हणजे पुन्हा अंगठा.

आईचा अंगठा लागेना. उजवा, डावा, मग एकेक बोट. केंद्रातल्या मुलीने ओला रुमाल दिला, पुसून पुन्हा ठेवायला सांगितलं. मी शेजारी उभी राहून तो अंगठा इतक्या जवळून कितीतरी वर्षांनी बघत होते. ओले काजूगर काढताना बियांचा चीक हाताला लागतो आणि कातडी जळते. राख लावून बसलं तरी जळतेच. आईचे तीस-पस्तीस हंगाम त्यात गेलेत. अंगठ्याच्या पेराला मधोमध काळपट, गुळगुळीत डाग आहे, त्यावर रेषा म्हणून नाहीतच. कडेला तेवढ्या उरल्यात. रेशन दुकानात दर महिन्याला तीन-चारदा ठेवल्यावर एखादं बोट लागतं, नाहीतर "मागाहून या" म्हणतात.

आणि तिकडे कुठल्यातरी मशीनवर तिच्याच नावाचा अंगठा सलग तीन दिवस लागला.

शेवटी डोळ्यांवरून ओळख पटली. आठ दिवसांनी, २२ मेला, नंबर जोडला गेल्याचा मेसेज आला आणि त्याच रात्री मी लॉक लावलं. तिथेच आणखी एक सोय आहे, ती सगळ्यांनी एकदा बघावी. गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे, कधी, कशाने तपासलं गेलं त्याचा इतिहास दिसतो, पन्नास नोंदींपर्यंत. मी आईचा काढला. ९ मेची पानं वाचताना हात थंड पडले. सकाळी १०.४७ ला रेशनची नोंद, बोट, अयशस्वी. १०.४९, अयशस्वी. १०.५१, यशस्वी. आणि ११.१२ ला बँकेची नोंद, बोट, यशस्वी.

रेशनची पावती घरात होती. आई प्रत्येक चिठोरा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते, त्यावरून मी तिला कितीदा बोलले असेन. तारीख, वेळ, दुकान, गाव, सगळं पावतीवर छापलेलं. डब्यातून ती पावती तिने स्वतः काढून दिली.

त्याच आठवड्यात संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आईच्या नावावर किती सिम आहेत ते पाहिलं. तीन निघाली. एक तिचं, एक माझ्या भावाकडचं आणि एक कोणालाच माहीत नसलेलं. "हा माझा नंबर नाही" असं नोंदवलं, पंधरा-वीस दिवसांत ते बंद झालं.

बँकेशी पत्रव्यवहार

त्याच परिपत्रकाप्रमाणे तक्रार केल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची होती. ती झाली नाही. ५ जूनला पत्र आलं: व्यवहार आधार प्रमाणीकरणाने यशस्वी झालेले आहेत, सबब बँक जबाबदार नाही. त्याच पत्राच्या शेवटी मशीनचा तपशील होता. मशीन दुसऱ्या राज्यात होतं.

मला तेवढंच हवं होतं. १०.५१ ला आई आमच्या गावच्या रेशन दुकानात आणि ११.१२ ला दुसऱ्या राज्यात. एकवीस मिनिटं. मी दीड पानांचं उत्तर लिहिलं. रागाचं एकही वाक्य ठेवलं नाही, फक्त तारखा आणि वेळा. जोडलेले कागद: रेशनची पावती, आधारचा इतिहास, १९३० चा तक्रार क्रमांक, पोलिसांची पोच. आणि परिपत्रकातलं एक कलम उतरवून दिलं, की ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. हे वाक्य पाठच करून ठेवा. आपण मात्र निर्दोष असल्याचे पुरावे गोळा करत फिरतो.

उत्तर नाही. १७ जूनला, बकरी ईदच्या सुट्टीत, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली. बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, की तिथे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन भरता येते, आणि १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांना टपालाने चंदीगडच्या केंद्राकडे अर्ज पाठवता येतो. भरायला मला दीड तास लागला.

मधल्या काळात २८ जूनला पोलिसांनी आईचा जबाब घेऊन गुन्हा दाखल केला. फसवणुकीचं कलम ४२० आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ सी, म्हणजे दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं. तीन दिवसांनी, १ जुलैला, नवे फौजदारी कायदे लागू झाले. तपास अजून चालू आहे. कोणाला अटक झालेली नाही.

जुलै हा सगळ्यात वाईट महिना. लावणी आटोपली, पाऊस धो धो, आणि कुठूनच काही नाही. लोकपालाकडून एक ईमेल आला, खातेउताऱ्याची स्पष्ट प्रत मागणारा. आई विचारायचीही थांबली. त्या महिन्यात तिने चष्म्याची काच फुटली ती बदलली नाही, हे मला फार उशिरा कळलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शाखेतून फोन आला. बोलणं बदललं होतं. ते मशीन ज्या बँकेचं होतं तिच्याकडे आमच्या बँकेने दाद मागितली होती, त्यांना आईने पैसे घेतल्याचा पुरावा देता आला नव्हता. २१ ऑगस्टला, नारळी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, २९,५०० रुपये खात्यात जमा झाले. व्याज नाही. लोकपालाने समेट झाला म्हणून प्रकरण बंद केलं. माझा खर्च गाडीभाडं, झेरॉक्स, रजिस्टर पोस्ट आणि आधारचे ५० धरून सुमारे १,९०० रुपये, आणि सहा रजा.

आधी चष्मा केला.

कुलपासकट जगणं

लॉक लावलं की ते सगळीकडेच लागतं, हे कोणी सांगत नाही. जूनमध्ये आई रेशनला गेली तर मशीनवर ३३० असा एरर. दुकानदाराला कळेना, आई रिकाम्या पिशवीने परत. ३३० म्हणजे बायोमेट्रिक बंद आहे. रेशनला, सिमकार्डाला, नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला बोट द्यायचं असेल, तर तेवढ्यापुरतं कुलूप उघडावं लागतं. दहा मिनिटं उघडं राहतं आणि आपोआप बंद होतं. आधार कोणाला द्यायचंच असेल तर आता मी मास्क केलेलं देते, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात.

उघडण्यासाठी मी चिपळूणहून संकेतस्थळावर आईचा क्रमांक टाकते आणि ओटीपी आईच्या फोनवर जातो. पण मीच तिला बजावून ठेवलं होतं, की ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, अगदी माझ्या आवाजात कोणी मागितला तरी नाही. पहिल्या वेळी तिने तो मला सांगितला नाही. फोन ठेवून दिला.

त्यावर तोडगा तिनेच काढला. आमच्या परड्यात नऊ आंबे आहेत आणि रायवळ झाडांना आजीने ठेवलेली नावं आहेत, ती घराबाहेर कोणाला माहीत नाहीत. दर महिन्याला रेशनच्या रांगेतून आईचा फोन येतो. मागे पाऊस किंवा माणसांचा गलका.

"आला हाय आकडा. आधी सांग, विहिरीवरच्या आंब्याचा नाव काय?"

मी नाव सांगते. ते अर्थातच इथे लिहीत नाही. मग आई नवा चष्मा सावरून एकेक आकडा वाचते, सहाही, सावकाश, आणि दहा मिनिटं मोजायला लागतात.